पर्माफ्रॉस्ट : 'कायम' गोठलेली की 'बहुवार्षिक'?

ध्रुवीय प्रदेशातल्या जमिनीचे तापमान कसे मोजतात, यावर मुलांसाठी लेख लिहिते आहे. 'पर्माफ्रॉस्ट'ला मी 'कायम गोठलेली जमीन' म्हणत होते. पुढे 'कायम गोठलेली जमीन वितळू लागली आहे' असे वाक्य लिहिले आणि तिथेच अडले. कायम गोठलेली, तर वितळते कशी? 'स्थायी तुषार', 'चिरहिम' असेही शब्द सुचले. कोणता घ्यावा? आणि 'सॉइल टेंपरेचर मॉनिटरिंग'ला 'मृदा तापमान संनियंत्रण' चालेल का?

*

ही अडचण मराठीत यायच्या आधी रशियनमध्ये येऊन गेली आहे. तिथला जुना शब्द 'वेच्नाया मेर्झलोता'. 'वेच्नाया' म्हणजे शाश्वत. गोठलेल्या जमिनीचे रशियन अभ्यासक मिखाईल सुमगिन यांच्या १९२७ सालच्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. इंग्रजी शब्द भूशास्त्रज्ञ सीमन म्युलर यांनी १९४३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी लिहिलेल्या अहवालातून रूढ झाला, आणि त्यातही 'पर्मनंट' आलेच. रशियन अभ्यासकांना मात्र 'शाश्वत' खटकत राहिले. त्यांनी 'म्नोगोलेत्न्याया', म्हणजे अनेक वर्षांची, हे विशेषण पुढे आणले. आपल्याकडचे 'बहुवार्षिक' त्याच्याशी तंतोतंत जुळते.

व्याख्याही तेच सांगते : जी जमीन सलग किमान दोन वर्षे ०° सेल्सियस किंवा त्याहून थंड राहते, ती पर्माफ्रॉस्ट. यात 'कायम' कुठेच नाही.

'तुषार' मी ठामपणे टाळीन. संस्कृतात त्याचा अर्थ दंव, हिम असा असला, तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कारंजे येते. तुषार सिंचन म्हटल्यावर कोणी बर्फ आठवत नाही. 'चिरहिम'मध्ये वेगळी चूक आहे. व्याख्या तापमानाची आहे, बर्फाची नाही. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत काही ठिकाणच्या मातीत बर्फ जवळजवळ नसतोच, तरी ती जमीन पर्माफ्रॉस्टच. उलट सायबेरियात 'येदोमा' नावाचे निक्षेप, म्हणजे साचलेल्या गाळाचे थर, आहेत, त्यांच्या आकारमानाचा मोठा भाग निव्वळ बर्फच असतो. दोन्ही एकाच शब्दात बसायला हवेत.

*

'बारमाही गोठलेली' का नको? बारमाही नदी म्हणतोच की. कानाला गोड आहे आणि मुलांना लगेच कळेल.

*

गोड आहे खरा, पण बारा महिने पुरत नाहीत. एखादा उन्हाळा फारच थंड गेला तर आदल्या हिवाळ्यात गोठलेला थर तसाच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात जातो. अशा पाहुण्या थराला रशियनमध्ये 'पेरेलेतोक' म्हणतात, उन्हाळा ओलांडून आलेला. तो बारमाही ठरेल, पर्माफ्रॉस्ट नाही. दोन वर्षांची अट त्याला वगळण्यासाठीच उपयोगी पडते.

'गोठणभूमी' असाही शब्द सुचेल. गोठणबिंदू रूढ असल्याने तो सरळ वाटतो. पण गोठण म्हणजे गुरे एकत्र बसण्याची जागा, हा अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून माझे मत : पहिल्यांदा 'बहुवार्षिक गोठजमीन (पर्माफ्रॉस्ट)' लिहा, पुढे नुसते 'पर्माफ्रॉस्ट'. परका शब्द ठेवण्यात कमीपणा नाही. 'पिंगो' (पोटात बर्फ असलेली टेकडी) हा इनुइट लोकांचा शब्द जगाने तसाच घेतला, 'तालिक' (पर्माफ्रॉस्टमधला न गोठलेला भाग) हा रशियन शब्दही.

आता 'मृदा तापमान संनियंत्रण'. यातल्या दोन शब्दांना माझी हरकत आहे. मृदा म्हणजे वरचा, झाडे रुजतात तो थर. इथे तापमापकांची माळ जमिनीत पाडलेल्या अरुंद, खोल विवरात दहावीस मीटर आणि कुठे कुठे शंभर मीटर खाली सोडतात, तिथे बहुधा खडक असतो. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात फ्योदोर शेर्गिन या व्यापाऱ्याने १८२८ ते १८३७ या काळात पाण्यासाठी विहीर खणवली. ११६ मीटर खाली गेले तरी जमीन गोठलेलीच होती. मग १८४०च्या दशकात निसर्गसंशोधक मिडेनडॉर्फ यांनी त्याच विहिरीत निरनिराळ्या खोलींवर तापमान मोजले. याला मृदा कसे म्हणणार? 'जमिनीचे तापमान' पुरे. 'संनियंत्रण' ऐकताना वाटते की कोणी तापमान ताब्यात ठेवले आहे. करतात ते एवढेच : वर्षानुवर्षे, खंड न पाडता नोंद. 'सातत्याने नोंद ठेवणे' हे लांब असले तरी खरे आहे. आणि ते सातत्यच मोलाचे आहे : जगभरच्या विवरांतल्या नोंदी एकत्र केल्यावरच कळले की २००७ ते २०१६ मध्ये पर्माफ्रॉस्टचे तापमान सरासरी सुमारे ०.३ अंशाने वाढले.

*

आणि क्रियापद? 'वितळते' की 'विरघळते'?

*

विरघळते नक्की नाही, साखर पाण्यात विरघळते. वितळतो तो बर्फ. जमीन वितळली म्हटले की लाव्हा आठवतो. इंग्रजीतले जाणकारही इथे 'मेल्ट' न म्हणता 'थॉ' म्हणतात, आणि आपल्याकडे त्याला एका शब्दाचा जोड नाही. मी दोन क्रियापदे वापरतो : बर्फ वितळतो, जमीन सैल पडते. घरे कलतात, रस्ते खचतात, ते या सैल पडण्यामुळे.

दर उन्हाळ्यात वरचा थर सैल पडतो आणि हिवाळ्यात परत गोठतो. त्याला 'सक्रिय थर' म्हणण्यापेक्षा 'हंगामी थर' म्हणा. शरदात हा थर गोठताना तापमान कित्येक आठवडे शून्यापाशीच रेंगाळते, कारण गोठणारे पाणी उष्णता बाहेर टाकत असते. त्या काळाला इंग्रजीत 'झिरो कर्टन' म्हणतात. 'शून्य पडदा' हे भाषांतर मला मुके वाटते, 'शून्यरेंगाळ' सुचतो आहे. याहून बरा शब्द असेल तर सांगा.

*

वाक्य बदलले : 'अनेक वर्षे गोठून राहिलेली जमीन आता सैल पडू लागली आहे.' 'शून्यरेंगाळ' तसाच घेते.