उज्ज्वलाच्या नव्या जोडण्या थांबवाव्यात का?

परभणीकर:
गरीब घरांतल्या बायकांच्या नावावर गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली, आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादेत दिली गेली. आता आकडा दहा कोटींच्या वर आहे. पण २०२२-२३ मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी ३.७१ टाक्याच भरून घेतल्या. पाच माणसांचं घर एवढ्यावर चालत नाही, उरलेला स्वयंपाक पऱ्हाट्या-तुराट्यांवरच होतो. माझं स्पष्ट मत : नव्या जोडण्या थांबवा आणि तो पैसा टाकीच्या अनुदानात घाला. आज टाकीमागे ३०० रुपये मिळतात, पण नंतर, खात्यात. मजुराला आधी आठशेच्या वर रोख मोजावे लागतात. तिथंच घोडं अडतं.

कोयता:
अजिबात पटलं नाही. ही सरासरी २०१९-२० मध्ये ३.०१ होती, म्हणजे वाढतेच आहे. आणि जोडण्या थांबवल्या तर मरण कुणाचं? आमच्यासारख्या ऊसतोडीच्या घरांचं. दिवाळीनंतर कारखान्यावर गेलो की पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं. बायका पहाटे तीनला उठून तीन दगडांवर भाकरी थापतात, वर पाचटाचं छप्पर, आत धूर, शेजारी झोपलेली लेकरं. कागदावर पत्ता गावचा, राहणं उसाच्या फडात. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणा चालेल असं ठरलं, तेव्हा कुठे आमच्यातल्या काहींना दार उघडलं. ते परत लावू नका. पाच किलोची छोटी टाकी फडापर्यंत पोचवा, हे मागा.

गोठा:
दोघंही गॅसच्या पुढे जात नाहीत. आंघोळीचं पाणी टाकीवर कोण तापवतं? अनुदान दुप्पट केलं तरी बंब सरपणावरच पेटणार. दोन-तीन जनावरं आहेत त्यांनी गोबर गॅस बांधावा. आमचा चालू आहे, उरलेली शेणाची स्लरी शेताला जाते.

परभणीकर:
जनावरं असलेल्यांसाठी मान्य. भूमिहीनानं शेण कुठून आणायचं? आणि एप्रिल-मे मध्ये प्यायला टँकर, तेव्हा शेण कालवायला पाणी?

कोयता, फडाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. स्थलांतरितांच्या आणि वेगळ्या निघालेल्या घरांच्या जोडण्या चालू ठेवा, एवढी दुरुस्ती करतो. रोख रकमेबद्दलचं मत मात्र कायम आहे.

माहेरवाशीण:
सरपण फुकट आहे म्हणून चूल पेटते, असं आमच्याकडे पुरुष म्हणतात. ती मोळी आणायला आईचा अर्धा दिवस जायचा, तो कुणी मोजला नाही. तिला दम लागतो, डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून सांगितलंय. टाकी तिच्या नावावर आहे, नंबर लावायचा मोबाईल आणि पैसे दादाकडे. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतून तीन टाक्या मोफत म्हणतात, त्याही दादानं नंबर लावला तरच येणार. परभणीकर, तुम्ही म्हणता तसं अनुदान वाढवाच. पण त्या फोनचं काय करायचं ते सांगा.