मदत हवी आहे : पणजी ते पन्हाळा, कोणत्या घाटाने जावं?

ऑफिसातले आम्ही सात जण २७ डिसेंबरला पहाटे पणजीहून निघून २८ ला रात्री परत येणार आहोत. आधी निघता येत नाही, दोघांच्या घरी नाताळ आहे. पुढे सुट्टी नाही, महिनाअखेर. नाताळात गोव्यातच फिरायचं म्हणजे कळंगुटच्या गर्दीत तासन्‌तास गाडीत बसणं, ते कुणालाच नको. मालवणही त्याच कारणाने बाद.

मडगावहून रत्नागिरीचा बेत होता, पण वेटिंग लांबलचक. तत्काळमध्ये एका तिकिटावर चारच जण बसतात, त्यामुळे तो नाद सोडला. आता ड्रायव्हरसकट ट्रॅव्हलर ठरवलीय. पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते, हे महत्त्वाचं, कारण एका ताईंचे गुडघे दुखतात.

अडचण दुसरीच आहे. आमच्यातल्या एकाला वळणांवर हमखास उलटी होते (गोळी घेऊनही!). आंबोली-आजरा, फोंडाघाट-राधानगरी की चोर्ला-बेळगाव? चोर्ल्याने दोनदा गेलोय, त्याचे हाल पाहिलेत. बाकी दोन रस्ते माहीत नाहीत. वेळ तासभर जास्त लागला तरी चालेल. हल्ली कुणी गेलं असेल तर सांगा, कमी वळणं आणि बरा रस्ता कोणत्या घाटात आहे?