मदत हवी आहे: जिनोआत एक दिवस, बाबांना घेऊन

निशिगंध: आमची क्रूझ इटलीतल्या जिनोआला दिवसभर थांबतेय. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्यांचा त्रास आहे. काय बघावं? शोधलं की नुसतं मत्स्यालय येतं, ते नकोय. राजवाड्यांची तिकिटं आजच काढायचीत, लवकर सांगा प्लीज.

डोंगरवाट: वार कोणता? बोट कधी लागते, कधी सुटते? बाबा कितपत चालतात? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मुसाफिर७: जिनोआत वेळ घालवू नका. ट्रेनने सांता मार्गेरिता, पुढे बसने पोर्तोफिनो. आम्ही तेच केलं, अजून डोळ्यांसमोर आहे.

डोंगरवाट: गुडघे दुखणाऱ्या माणसाला ट्रेन, बस, परत बस, परत ट्रेन? मी माझ्या वडिलांना नेणार नाही.

रानफूल: आपले दोन पिनांचे चार्जर इटलीत चालतात, तीन पिनांचे नाही. अ‍ॅडाप्टर घ्या.

निशिगंध: सोमवार. सकाळी ८ ते संध्याकाळी ५. सपाटीवर चालतात, पायऱ्या नकोत.

समईवात: तिकिटं काढू नका! व्हिया गारिबाल्दीवरची पालाझ्झो (राजवाडा) रोस्सो, बियांको आणि तुर्सी ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मी दोन वर्षं तिथे राहिले आहे. रस्त्यावरून मात्र नक्की चाला, वाड्यांचे दर्शनी भागच बघण्यासारखे आहेत. तिथून जवळ पियाझ्झा पोर्तेल्लो चौकात बोगद्यातून आत गेलं की जुनी लिफ्ट लागते, ती थेट वर टेकडीवरच्या कास्तेल्लेत्तो भागातल्या गच्चीवर नेते. खाली राखाडी पाटीच्या दगडाची छपरं, मागे बंदर आणि १५४३ सालचा लांतेर्ना दीपस्तंभ. एकही पायरी चढावी लागत नाही. जेवायला फारिनाता: चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, आपल्या धिरड्याची सख्खी बहीण. साधीच मागा, कधीकधी त्यात बारीक मासे घालतात.

मुसाफिर७: पेस्तो विसरलात, तिथली हिरवी चटणी.

निशिगंध: समईवात, तुम्ही वाचवलंत! एक लिहायचं राहिलं. बाबांना इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याची समाधी बघायचीय. आजोबांच्या ट्रंकेत सावरकरांनी मराठीत आणलेलं मॅझिनीचं आत्मचरित्र होतं, बाबांनी ते आठवीत वाचलं. तेव्हापासून त्यांच्या मनात आहे.

डोंगरवाट: अहो, हे आधी सांगायचं! मग दिवस तिथूनच सुरू करा.

अक्षरवेल: ते पुस्तक १९०७ चं. लाला लजपतरायांनीही मॅझिनीचं चरित्र लिहिलंय, उर्दूत. यावर वेगळा धागा काढायला हवा.

समईवात: समाधी स्तालियेनोच्या दफनभूमीत आहे. ३४ नंबरची बस जाते, पण तुम्ही टॅक्सीच करा. समाधी वर झाडीत आहे, चढ आणि पायऱ्या आहेत, बाबांना आधी सांगून ठेवा. खालच्या कमानींच्या ओवऱ्यांमध्ये सपाटी आहे. तिथे कातेरिना काम्पोदोनिकोचा पुतळा शोधा. जत्रांमधून हेझलनटच्या माळा विकून तिने पैसे साठवले आणि १८८१ मध्ये, स्वतः हयात असताना, तो करून घेतला. हातातल्या माळेचा दाणा न् दाणा आणि शालीची झालर संगमरवरात कोरलीय. मॅझिनी जन्मला ते घर बंदराजवळ व्हिया लोमेल्लिनीवर आहे, बाहेरून तरी दाखवा.

निशिगंध: बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, पायऱ्या बसत बसत चढेन. टॅक्सी फाटकाच्या आत जाते का? कुणी अलीकडे जाऊन आलंय?