मदत हवी आहे: आईला सीजेडी (क्रॉइट्सफेल्ट-याकोब, मेंदू झपाट्याने निकामी करणारा आजार) असल्याची शंका, आधी काय काय तपासून घ्यावं?

आईचं वय ६४. सुरुवात नजरेपासून झाली. पायऱ्यांचा अंदाज येईना, पुस्तकातल्या ओळी वाकड्या दिसतात म्हणायची. डोळे तपासले तर त्यांत काहीच दोष नाही. मग तोल जायला लागला, बोलताना शब्द सापडेनासे झाले. आता मला कधी ओळखते, कधी नाही. दार जोरात आपटलं की सगळं अंग झटका बसल्यासारखं उडतं. हे सगळं जेमतेम तीन महिन्यांत. त्याआधी घरातले सगळे हिशोब तीच बघायची.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'कॉर्टिकल रिबनिंग' (मेंदूच्या बाहेरच्या थरावर उजळ पट्टी) असं लिहिलंय आणि डॉक्टरांनी सीजेडीची दाट शक्यता सांगितली. यावर उपचार नाही, हे मी वाचलंय आणि समजूनही घेतलंय. पण हुबेहूब असाच दिसणारा, बरा होणारा एखादा आजार नजरेतून सुटला तर? तेवढं एकच मला सहन होणार नाही. पाठीतलं पाणी काढणार आहेत. त्याआधी काय विचारू? शिवाय हा आजार आम्हा भावंडांना होऊ शकतो का? आणि मी तिला भरवते, तिच्याजवळ झोपते, त्यात काही धोका आहे का?

प्रतिसाद

ताई, मी न्यूरोलॉजीत बरीच वर्षं काम केलं आहे. रुग्ण न पाहता निदान सांगता येत नाही, पण तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे.

नजरेपासून सुरुवात, तोल जाणं, आवाजाने अंग उडणं हे वर्णन सीजेडीशी जुळतं. पण लांबलेल्या फिट्समुळे किंवा रक्तातली साखर फार उतरल्यानेही एमआरआयवर तशी पट्टी दिसू शकते. म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी, हवीच. बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स त्यात पकडता येतात. सीजेडीत साधारण सेकंदाला एक अशा टोकदार लहरी दिसतात, मात्र सगळ्यांत नाही आणि सुरुवातीला तर बऱ्याचदा नाहीच.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटल्याने येणारी सूज. त्यातला एलजीआय१ हा प्रकार सीजेडीसारखाच वाटू शकतो. रक्तातलं सोडियम कमी आहे का, चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो का, हे बघा. अँटीबॉडी तपासणी रक्त आणि पाठीतलं पाणी, दोन्हींची करायला सांगा. एलजीआय१ बऱ्याचदा रक्तातच सापडतं. थायरॉइड, बी१, बी१२, एचआयव्ही, सिफिलिस हेही राहू देऊ नका. नमुने घेऊन झाले आणि संसर्ग नाही अशी खात्री झाली की, अहवालाची वाट न पाहता स्टिरॉइड देऊन बघायचं का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मी स्वतः हा प्रश्न टाळला नसता.

पाठीतल्या पाण्याची आरटी-क्विक तपासणी मागा. हा आजार घडवणारं बिघडलेलं प्रोटीन, म्हणजे प्रिऑन, ती शोधते. ती पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं, निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं मात्र नव्हे. नमुन्यात रक्त मिसळलं तर निकाल बिघडू शकतो. १४-३-३ या प्रोटीनवर फार भिस्त ठेवू नका. मेंदूच्या पेशी कशानेही झपाट्याने मरत असल्या तरी ते वाढतं.

भावंडांबद्दल: बहुतेक रुग्णांत हा आजार आपोआप उद्भवतो. दहा-पंधरा टक्क्यांत पीआरएनपी या जनुकातला (प्रिऑन प्रोटीनचं जनुक) दोष असतो, आणि त्यांतल्या काही घरांत आधी कुणालाच आजार झालेला नसतो. म्हणून आधी आईची जनुक तपासणी, तीही समुपदेशनानंतर. तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्यायची घाई करू नका.

भरवा, जवळ झोपा, मिठी मारा. स्पर्शाने, उष्ट्याने, खोकल्याने हा आजार पसरत नाही. फक्त कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर शंका आधीच सांगा, कारण नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने प्रिऑन नष्ट होत नाहीत.

धागाकर्ती

मनापासून आभार. जुने रिपोर्ट काढून बघितले. सोडियम १२८ आहे आणि त्यावर कुणीच काही बोललं नव्हतं. उद्या सकाळी पहिलं तेच दाखवते. अँटीबॉडीसाठी रक्त कधी घेणार, तेही विचारते.