अमेरिकेचे टॅक्स रिटर्न की बाबांची मस्कासाथची प्रॅक्टिस?

इतवारीची_लेक
शनिवार, रात्री ११:४०

बरेच दिवस इथलं नुसतं वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहिते.

मी २५ वर्षांची. बी.कॉम. झालं, सीए इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसरा दोनदा अडला. सध्या नागपुरात रामदासपेठेत एका सीएंच्या ऑफिसात आहे, महिन्याला १८,००० रुपये. माझे बाबा तीस वर्षांपासून मस्कासाथ बाजारातल्या व्यापाऱ्यांची कराची कामं बघतात. आधी सेल्स टॅक्स, मग व्हॅट, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. किराणा, मिरची, डाळ, सुपारी मिळून साठेक पार्ट्या आहेत. जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख जवळ आली की आमच्या घरी जेवणाची वेळ ठरलेली नसते.

आता आयटी पार्कच्या भागातल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. काम अमेरिकेतल्या सीपीए (म्हणजे तिकडचे सीए) फर्मसाठी तिकडच्या लोकांचे रिटर्न तयार करण्याचं. वर्षाला ४ लाख ८० हजार. दुपारी १ ते रात्री १०, आणि जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंत रात्री १ वाजेपर्यंत, शनिवारीही. कंपनीची गाडी घरी सोडते.

बाबा नाही म्हणत नाहीत. एवढंच विचारलं, "त्या कागदावर सही कोणाची राहील?"

सही तिकडच्या सीपीएची. माझं नाव कुठेच नाही. ज्याचा रिटर्न त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचा ओळख क्रमांकसुद्धा आम्हाला झाकून दिसणार. इथे बाबांच्या ऑफिसात शेठ समोर खुर्ची ओढून बसतो, "बेटा, इस बार कितना भरना पडेगा?" विचारतो, आणि मी आकडा सांगितला की त्याचा चेहरा मला दिसतो.

बाबा ५८ चे आहेत. मी गेली तर ही प्रॅक्टिस पाचेक वर्षांत विखुरेल. नाही गेली तर मी जन्मभर जीएसटीचा ३बी रिटर्न भरत बसेन, अशी भीती वाटते. बाहेरच्या देशाच्या कामावर ज्यांनी आयुष्याची वर्षं काढली, त्यांनी सांगावं. असं काम टिकतं का? आणि त्यातून माणसाच्या हाती काय राहतं?

सक्करदरा_ताई
रविवार, सकाळी ८:१५

तुझ्या बाबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे गं.

मी २००२ ते २०१३ मेडिकल ट्रान्सक्रिप्शन केलं. आजच्या मुलांना हे काम माहीत नसेल. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोनवर बोलून ठेवायचा. तिकडे रात्र झाली की त्या फायली आपल्याकडे सकाळी उतरायच्या, आम्ही ऐकून टाइप करायचो, आणि तिकडे उजाडायच्या आत रिपोर्ट परत जायचा. रिपोर्टच्या तळाशी डॉक्टरची आद्याक्षरं मोठ्या लिपीत, मग दोन टिंबं, मग टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं लहान लिपीत. ती दोन लहान अक्षरं म्हणजे मी.

२००६ पासून घरून काम करू लागले. मे महिन्यात नागपूर ४५ वर जातं आणि मला भर दुपारी कूलर बंद ठेवावा लागायचा, कारण कूलरच्या घरघरीत डॉक्टर 'फिफ्टीन' म्हणाला की 'फिफ्टी' ते ऐकू येत नसे, आणि तो औषधाचा डोस असायचा. मानेवर ओला पंचा, उजव्या पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे, टाच टेकवली की मागे. एकदा शब्द आला 'इलियम'. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम. उच्चार अगदी एक. स्पेलिंगमधलं तिसरं अक्षर 'ई' असेल तर आतडं, 'आय' असेल तर हाड. मी सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकलं, पण ते कानाला कळणार नव्हतंच. मग टाइप करणं सोडून पुढचं सगळं ऐकत गेले. बाई जिन्यावरून पडली होती, एक्सरे सांगितला होता. म्हणजे हाड. मी 'आय' लावला आणि मग पाणी प्यायला उठले.

ओळीवर पैसे मिळायचे. ६५ अक्षरांची एक ओळ, मला ओळीला ६० पैसे. त्या पैशांतून माझ्या धाकट्या भावाचं इंजिनीअरिंग झालं, त्यामुळे त्या कामाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

मग २००९ साली तिकडे हायटेक कायदा झाला. नोंदी कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना सरकार पैसे देऊ लागलं, तसे डॉक्टर स्वतःच स्क्रीनवर खुणा करून मोकळे होऊ लागले. त्याच सुमाराला बोललेलं आपोआप लिहून देणारं सॉफ्टवेअरही सुधारत गेलं. आमच्याकडे आवाजासोबत मशीनने लिहिलेला मसुदा यायला लागला, आम्ही फक्त चुका काढायच्या. दर निम्मा झाला. खरं तर चूक शोधायला डोकं जास्त लागायचं, पण पैसे ओळीचे होते, डोक्याचे नव्हते. २०१३ च्या दिवाळीनंतर आमची कंपनी बंद झाली. दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच.

आम्ही चाळीसेक मुली होतो. माझ्या दुप्पट वेगाने टाइप करणारी एक मैत्रीण होती. तिला त्यानंतर त्या वेगाचं कुठेच काही मिळालं नाही. ती माझ्यापेक्षा कमी हुशार होती म्हणून नाही, हे मी ठासून सांगते. तिचे रिपोर्ट तपासणाऱ्यांकडून परस्पर अमेरिकेत जायचे. आपण कुठे चुकलो, हे तिला अकरा वर्षांत कोणी दाखवलंच नाही. आमच्या टीमची लीड मात्र हट्टी बाई होती. आमचा प्रत्येक तपासलेला रिपोर्ट ती परत मागवायची, लाल खुणांसकट आमच्यासमोर ठेवायची आणि "असं का?" विचारायची. त्या वेळी राग यायचा. पण शरीर, औषधं, आजार हे सगळं मी त्या लाल खुणांमधून शिकले.

तेच पुढे कामी आलं. अमेरिका १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांच्या जुन्या कोडवरून आयसीडी-१० वर जाणार हे ठरलं होतं. १४ हजारांच्या आसपास कोड होते, ते ६८ हजारांच्या घरात गेले. डावा पाय की उजवा, पेशंट पहिल्यांदा आला की पुन्हा, प्रत्येकाला वेगळा कोड. माणसं कमी पडणार होती. मी वर्षभर आधी अभ्यासाला बसले, कोडिंगची सीपीसी परीक्षा दिली आणि मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे रिपोर्ट वाचून आजारांना कोड लावण्याच्या कामात आले. आज मी ऑडिटला आहे. हा कोड का लावला असं तिकडून विचारतात आणि त्याचं उत्तर मी लिहिते, माझ्या नावाने.

म्हणून जा. पण ऑफर लेटरवर सही करायच्या आधी त्यांना एवढं विचार, की मी तयार केलेल्या रिटर्नवर तिकडचा रिव्ह्यूअर ज्या खुणा करतो, त्या माझ्यापर्यंत परत येतात का? येत असतील तर दोन वर्षांत तुला त्यांचा कायदा कळायला लागेल. मधल्या मध्ये कोणी दुसराच दुरुस्त करून पाठवत असेल, तर पगार चांगला असला तरी तू माझ्या त्या मैत्रिणीच्या जागी आहेस. पगाराइतकंच हे महत्त्वाचं आहे.

दुसरं, बाबांच्या दहा पार्ट्या तुझ्या म्हणून ठेव, रविवारी बघ. लेटरमध्ये बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते मात्र आधी नीट वाच. आणि झोप सांभाळ. तिकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, आपली जात नाहीत, म्हणून तुझी शिफ्ट एक तास पुढे सरकू शकते. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ ची टाटांची गिरणी. भोंग्यावर अख्खं घर चालायचं. आमच्या घरात नंतर न्यू जर्सीची वेळ चालली. घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर ते निभावतात.

अजनी_डेपो
रविवार, दुपारी १:०५

ताईंचं लाल खुणांचं पटलं. पण बाबांची प्रॅक्टिस इथली आणि रिटर्न तेवढे जगाचे, ही वाटणी मला मान्य नाही.

मी अजनीच्या कंटेनर डेपोत कस्टम क्लिअरिंगची कामं केली. मस्कासाथच्या दुकानात जरा पोती वाचा. काळी मिरी व्हिएतनामची सापडेल. डाळ मिलवाल्याची तूर म्यानमारची किंवा मोझांबिकची. वरुड-मोर्शीची संत्री बांगलादेशात जायची, त्यांनी आयात शुल्क वाढवलं आणि इकडे बागेतला भाव पडला. जग त्या शेठच्या गादीपर्यंत आलेलंच आहे, फक्त त्याला समजावून सांगणारं कोणी नाही.

एक उदाहरण सांगतो. ओळखीतल्या एकाने पहिल्यांदाच निर्यात केली. एलयूटी, म्हणजे जीएसटीतलं निर्यातदाराचं हमीपत्र, दिलेलं असेल तर आयजीएसटी न भरता माल बाहेर पाठवता येतो, आणि ते दर आर्थिक वर्षाला नवीन द्यावं लागतं. त्याच्या सल्लागाराला हे माहीतच नव्हतं. आधी कर भरा, मग परताव्याची वाट बघा. दोन ट्रकांचे पैसे अडकून पडले, त्या महिन्याची मजुरी त्याने उधारीवर दिली. एलयूटीचा फॉर्म आरएफडी-११ ऑनलाइन भरायला अर्धा तास लागतो.

बाबांच्या साठ पार्ट्यांपैकी पाच जरी आयात-निर्यातीत असतील, तरी त्यांच्यासाठी तू शिकण्यासारखं खूप आहे. मी असतो तर थांबलो असतो. अठरा हजारांवर नाही, बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून.

१५_एप्रिल
रविवार, रात्री ११:५०

मी हेच काम सहा वर्षांपासून करून राहिलो आहे, म्हणून आतलं सांगतो.

पहिल्या वर्षी मी डब्ल्यू-२ (पगाराचा फॉर्म) आणि १०९९ (इतर उत्पन्नाचा फॉर्म) चे आकडे भरायचो. आता ते सॉफ्टवेअर वाचून भरतं. माणसाकडे जे उरतं ते असं: एक नवरा-बायको मे महिन्यात न्यू जर्सी सोडून टेक्सासला गेले. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, न्यू जर्सीला आहे. मग न्यू जर्सीला किती उत्पन्न दाखवायचं? मधे मिळालेला बोनस कुठला धरायचा? याचं उत्तर कोणतं बटण देत नाही, फाईल वाचावी लागते आणि मग तिकडच्या सीपीएला नेमका प्रश्न लिहून पाठवावा लागतो. चांगला प्रश्न लिहिणाऱ्याला आमच्याकडे लवकर सीनिअर करतात.

१५ एप्रिलला सगळं संपतं असं समजू नकोस. मुदतवाढ घेतलेले रिटर्न १५ ऑक्टोबरपर्यंत चालतात. भागीदारीतल्या लोकांचे के-१, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचे फॉर्म, उशिरा येतात, त्यामुळे अवघड फायली बहुतेक त्याच काळात येतात. शिकायला तोच काळ चांगला.

आणि सहीचं म्हणशील तर ईए (एनरोल्ड एजंट) कर. अमेरिकेच्या आयकर खात्याची परीक्षा आहे, तीन पेपर. त्यासाठी अमेरिकेचं नागरिक असावं लागत नाही. पास झाल्यावर करदात्याच्या वतीने खात्यासमोर उभं राहण्याचा अधिकार मिळतो. दर तीन वर्षांत ७२ तासांचं शिक्षण दाखवून तो टिकवावा लागतो. सीएचा दुसरा ग्रुप सोड असं मी म्हणत नाही, पण दोन्ही एकाच हंगामात धरू नकोस. मी धरले होते, दोन्ही राहिले.

इतवारीची_लेक
बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सोमवारी कंपनीत फोन करून तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. एचआरच्या मुलीला सांगता आलं नाही, तिने मॅनेजरना दिला. ते म्हणाले, पहिल्या हंगामात खुणा सीनिअरकडे जातात, तयार करणाऱ्याकडे नाही. मी विचारलं, मला बघायला मिळतील का? थोडं थांबून म्हणाले, दर शुक्रवारी सीनिअरसोबत बसायला देतो. मी ते ईमेलवर लिहून मागितलं. आज आलं. म्हणून मी जाऊन राहिली आहे, पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. बाहेरच्या कामाचंही विचारलं, अमेरिकेच्या कराचं सोडून बाकीचं चालेल, असं त्यातच लिहिलं आहे.

बाबांना हा धागा वाचून दाखवला. इलियमचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. अजनी_डेपो दादांचं वाचल्यावर उठून कपाटातून फायली काढल्या आणि बारा बाजूला ठेवल्या. त्यात तीन मिरचीवाले आहेत, त्यातल्या एकाचा माल बाहेर जातो. त्याचं या वर्षीचं एलयूटी दिलेलं आहे, मी तपासलं.

बी.कॉम.वर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. आतापर्यंत बाबांच्याच लॉगिनवर सगळं होत होतं म्हणून मी कधी केलीच नाही. काल बर्डीला जाऊन फोटो काढून आणला आणि रात्री नोंदणीचा फॉर्म पीसीटी-०१ भरला. बाबा शेजारी बसून होते, नाव इंग्रजीत नीट आलं का ते त्यांनी चष्मा लावून बघितलं.

१५_एप्रिल दादा, ईएचा कोणता पेपर आधी द्यावा?

१५_एप्रिल
बुधवार, रात्री ११:५५

व्यक्तींच्या कराचा. परीक्षा १ मेला सुरू होते आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते. हंगाम संपल्यावर पंधरा दिवस झोप काढ आणि मे-जूनमध्ये देऊन टाक, तेव्हा सगळं डोक्यात ताजं असतं.