मदत हवी आहे: एचओ स्केलमधल्या पानवल पुलाचं काँक्रीट प्लास्टिकसारखं दिसतंय

रूळकरी

नमस्कार मंडळी. घरी एचओ स्केलचा (१:८७) मॉडेल रेल्वेचा लेआउट चालू आहे, थीम कोकण रेल्वे, आणि त्यात रत्नागिरीजवळचा पानवल पूल घ्यायचाच असा हट्ट आहे. खरा पूल ४२४ मीटर लांब नि ६४ मीटर उंच, म्हणजे स्केलमध्ये जवळजवळ ५ मीटर लांब आणि ७४ सेंमी उंच, तेवढी जागा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कुठून आणणार, म्हणून चार पिलर आणि मधले गर्डर (पिलरवरच्या आडव्या तुळया) एवढाच तुकडा, तोही उंचीला कापून, बनवलाय. मटेरियल ५ मिमी सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट).

बांधणी झकास झालीये, रंगात घोडं अडलंय. ग्रे प्रायमरचा स्प्रे मारला, त्यावर मॅट वार्निश, त्यावर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) काळी शाई घालून वॉश (पातळ रंगाचा हात). परदेशी व्हिडिओत हेच करतात आणि त्यांचं जबरदस्त दिसतं. माझं मात्र पीव्हीसी पाइपला धूळ बसल्यासारखं दिसतंय. शिवाय तीन भानगडी आहेत:

वॉश सुकला की गोल गोल कडा उमटतात, चहाच्या कपाचे डाग पडावेत तशा. दोन पिलरवर पांढुरकी साय आल्यासारखी आलीये, घासली तरी जात नाही. आणि सनबोर्डच्या कापलेल्या कडा बाकीच्यापेक्षा गडद दिसतात.

काँक्रीटच्या रंगाचं नक्की मिश्रण काय? आणि ते पावसाचे काळे ओघळ कसे काढायचे? एअरब्रश नाहीये. फेविक्रिल, कॅमलचे अ‍ॅक्रिलिक, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तेच सामान. आधीच धन्यवाद.

जुना_खेळ्या

पांढरी साय म्हणजे नव्वद टक्के तुमचा क्रम गंडलाय. वार्निशवर थेट आयपीए पडलं की बऱ्याच मॅट वार्निश अशा पांढऱ्या धरतात. उरलेले दहा टक्के हवा. वार्निश कधी मारलं होतं, आत्ता जुलैत का? भर पावसात स्प्रे मारला की हवेतला दमटपणा सुकणाऱ्या थरात अडकतो आणि असंच दुधाळ होतं. घासू नका हो, घासून जात नाही ते. कोरडा दिवस बघून (फवारणी गॅलरीत, घरात नको) वरून वार्निशचा अगदी पातळ हात द्या, बहुतेक वेळा साय निघून जाते. आणि पुढचा वॉश पाण्यातला करा, आयपीए विसरा.

गोल कडा येतात कारण पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि वॉश एका जागी साचून कडेला सुकतोय. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, आधी अख्खी बाजू साध्या पाण्याने ओलसर करा, मग वॉश, आणि लगेच कोरड्या ब्रशने वरून खाली ओढून घ्या. मुख्य म्हणजे पिलर उभा ठेवून करा! आडवा टाकून केला तर घाण कुठेही साचते, खऱ्या पुलावर ती खालीच येते.

कापलेल्या कडा रंग पितात, त्यांना फेविकॉल पाण्यात पातळ करून दोन हात द्या नि वाळल्यावर पॉलिश पेपर.

आगाऊ

हे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी अख्खा सनबोर्डच मारा ना, ती चकचकीत कातडी गेली की अर्धं काम तिथेच होतं. आणि कोणी सांगेल रंगात वाळू मिसळा, ऐकू नका. अर्ध्या मिमीचा कण ८७ पट केला तर चार सेंमीहून मोठी खडी होते, पूल आहे का बंधारा. टाल्कम पावडर चिमूटभर, बस.

सिमेंटवाला

मी मॉडेलवाला नाही, आयुष्य साइटवर गेलं, त्यामुळे ब्रशचं काही सांगत नाही, पण काँक्रीट काय असतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, काँक्रीट ग्रे नसतं. ताजं असताना हिरवट-करडं, वाळलं की फिकट, आणि वर्षं गेली की पिवळसर मातकट. तुमचा प्रायमर निळसर ग्रे असणार, म्हणूनच पीव्हीसी आठवतंय.

दुसरं, उंच पिलर बहुधा एका दमात ओतत नाहीत. टप्प्याटप्प्याने वर जातात आणि प्रत्येक टप्प्याची छटा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळी येते, सिमेंटचा लॉट, पाणी, शटरिंगचं (ओतायच्या साच्याचं) तेल, सगळ्याचा परिणाम. मध्ये आडवी बारीक रेघ राहते. शटरिंगची आठ बाय चार फुटांची प्लाय तुमच्या स्केलला साधारण २८ बाय १४ मिमी होईल, साध्या भिंतींवर त्या मापाने कठीण पेन्सिलीने हलक्या रेघा मारा, पुरे. पानवलचा गर्डर मात्र वेगळा आहे. तो इन्क्रिमेंटल लाँचिंगने केलाय, म्हणजे एका टोकाला तुकडा ओतायचा आणि मागून ढकलत पुढे न्यायचा, परत पुढचा तुकडा त्याला जोडून ओतायचा. त्यामुळे गर्डरवर जोड उभे हवेत, पिलरवर आडवे.

तिसरं, डाग. डाग आले कुठून हे ठरवल्याशिवाय ब्रश उचलू नका. काळं पडतं तिथे शेवाळ असतं, आणि शेवाळ ओल राहते तिथेच येतं: पाण्याच्या पाइपाच्या तोंडाखाली, पिलरच्या टोपीच्या कडेला, कठड्याच्या सांध्यात. कोकणात पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या अंगाला जास्त काळं, उलट्या अंगाला कमी. लेआउटची दिशा एकदा ठरवून टाका. पांढरे ओघळ म्हणजे काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेशी संयोग होऊन वाळलेला, तो फक्त भेगेतून किंवा सांध्यातूनच निघणार, सपाट भिंतीच्या मध्यावर नाही. आणि पायथ्याशी जांभ्याची लाल माती उडालेली असते, दोन-अडीच फुटांपर्यंत, तुमच्याकडे ७-९ मिमी.

जुना_खेळ्या

सिमेंटवाले काका, दंडवत! हे कुठल्या व्हिडिओत नाही.

रूळकरी, यावरून रंग असा करा: पांढरा आठ भाग, रॉ अंबर (तपकिरी) एक, येलो ओकर (मातकट पिवळा) अर्धा, काळा टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतो, त्यामुळे डबीत वाटेल त्यापेक्षा फिकट ठेवा. छोट्या मॉडेलवर गडद रंग तसाही जड दिसतो. मग त्याच मिश्रणात कधी थोडा ओकर, कधी थोडा पांढरा जास्त घालून एकेक टप्पा वेगळा, स्पंजने टिपत टिपत, ब्रशचे फटकारे नकोत.

ओघळांसाठी सॉफ्ट पेस्टलची काडी ब्लेडने खरवडून पूड करा. काळ्यात बर्न्ट अंबर मिसळा, शुद्ध काळा कधीच नको. पाइपाच्या तोंडाशी ओला ठिपका, आणि सपाट ब्रशने एकदाच सरळ खाली. वर रुंद-गडद, खाली निमुळतं होत नाहीसं. सगळे ओघळ एका लांबीचे झाले की झेब्रा होतो. वरून वार्निश मारलंत तर पूड अर्धी गायब दिसते, म्हणून एकतर आधीच जास्त लावा नाहीतर वार्निश सोडा, पुलाला कोण हात लावतंय.

रूळकरी

भन्नाट! पांढरी साय वार्निशच्या पातळ हाताने खरंच गेली, कोरडा दिवस बघून मारला. एक पिलर नवीन मिश्रणाने केला, बायको म्हणाली हा जुना वाटतो, म्हणजे पास.

अजून एक. बोगद्याच्या तोंडावर काजळी किती द्यायची? व्हिडिओत तर काळंकुट्ट करतात.

आगाऊ

ते वाफेच्या इंजिनवाल्यांचं. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली ती डिझेलवर, त्यामुळे कमानीच्या माथ्यावर तपकिरी-करडी छटा, बाजूच्या भिंती जवळपास स्वच्छ. वर्ष कुठलं धरलंय? २०२२ नंतरचं असेल तर आधी विजेच्या तारा लावा, काजळीचं नंतर बघू :)

रूळकरी

२०१० च्या आसपासचं, डिझेलच. आणि ऑक्टोबर महिना धरतोय, म्हणजे शेवाळ अजून हिरवट राहील ना?

सिमेंटवाला

सावलीतल्या अंगाला हिरवट, उन्हाच्या अंगाला काळं पडायला लागलेलं. आणि नदीच्या बाजूच्या पायथ्याला पुराच्या पाण्याची मातकट रेघ विसरू नका, ती सगळ्या पिलरवर एकाच पातळीला हवी.