नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी हेज कटिंग: मशीन, दर आणि गिऱ्हाइकांचा हिशेब

सुटीतला_माळी

पाच दिवस नोकरी, शनिवार-रविवार बागकाम आणि हेज कटिंगची कामं घ्यायचा विचार पक्का आहे. सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री), मोठी कात्री, छाटणीची करवत आणि दाताळं आहे, मशीन नाही. पहिलं काम समोर आहे: ड्युरांटाचं कुंपण, २० मीटर लांब, १.८ मीटर उंच, ८० सेंमी रुंद, दोन्ही बाजू आणि माथा. कचरा आपणच न्यायचा.

बॅटरीचं मशीन घ्यावं की पेट्रोलचं? दर तासावर सांगायचा की कामावर? आणि दोन दिवसांत किती गिऱ्हाइकं झेपतील?

धारदार_पातं

सुटीच्या सकाळी वस्तीत काम करायचं तर बॅटरीचं घ्या. पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या आवाजावर शेजारी उठतात आणि तक्रार गिऱ्हाइकाकडे जाते. शिवाय पेट्रोलचं मशीन इंधनासकट बरेच दिवस पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये जुनं इंधन चिकटतं. मशीन चालू करायला दोरी ओढत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. तरी पेट्रोलचंच घेतलंत तर पेट्रोल-तेलाचं मिश्रण कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच करा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल. महिन्याभरात संपेल इतकंच बनवा आणि ठेवताना टाकी रिकामी करा.

बॅटरी घेताना नुसते व्होल्ट बघू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास हा आकडा धरा: ३६ × ४ = १४४ वॅट-तास, १८ × ५ = ९० वॅट-तास. एका बॅटरीवर काम घेऊ नका, दोन हव्यातच. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या.

पातं ५५ ते ६० सेंमीचं पुरे. लांब पात्याने रेघ सरळ येते खरी, पण तासाभरात मनगट बोलायला लागतं. लांबीपेक्षा दातांमधलं अंतर महत्त्वाचं. २० मिमी अंतर असेल तर बोटाएवढी फांदी कशीबशी जाते, त्याहून जाड आली की पातं अडकतं. अडकलं की आधी बॅटरी काढायची, मगच हात घालायचा. जाड फांद्या मशीन लावण्यापूर्वी करवतीने किंवा लांब दांड्याच्या कात्रीने काढून घ्या.

कापताना बाजू खालून वर घ्या, म्हणजे कापलेलं खाली पडतं आणि पुढची रेघ दिसते. माथा शेवटी. दोन टोकांना काठ्या रोवून दोरी ताणा, डोळ्यांवर विसंबू नका. २० मीटरमध्ये डोळा हमखास फसतो आणि मध्ये पोट येतं. बुंधा रुंद, माथा अरुंद असा उतार ठेवा. १.८ मीटर उंचीला प्रत्येक बाजूने ८-१० सेंमी आत घेतलं तरी चालतं. माथा रुंद राहिला की खाली ऊन पोचत नाही, पानं गळतात आणि वर्षा-दोन वर्षांत खालून काटक्या दिसायला लागतात.

कापल्यावर दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर धार गेली असं समजा. बोथट पातं कापत नाही, फाडतं. प्रत्येक कामानंतर चीक पुसून पात्याला तेल द्या.

हिशेबी_वही

तासाचा दर सांगू नका. हात बसला की तुमचाच वेळ कमी होतो आणि त्याची शिक्षा तुम्हालाच. चौरस मीटर काढा. तुमच्या कामात दोन बाजू म्हणजे २० × १.८ × २ = ७२, माथा २० × ०.८ = १६, एकूण ८८ चौ. मी. पहिली चार-पाच कामं होईपर्यंत वहीत चार गोष्टींचा वेळ वेगवेगळा लिहा: कापणी, गोळा करणं, कचरा टाकणं, ये-जा. कापणी बहुधा निम्म्याहून कमी निघेल. त्या नोंदींवरून स्वतःचा चौरस मीटरचा दर बसवा आणि कचऱ्याचा आकडा वेगळा सांगा.

कचरा हीच या धंद्यातली खरी मेख आहे. नवी वाढ सरासरी १५ सेंमी असेल तर ८८ × ०.१५ = १३.२ घनमीटर एवढा पसारा उतरेल. ताडपत्रीवर तुडवून ढीग त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणलात तरी ४.४ घनमीटर उरतो. कारच्या डिकीत जेमतेम अर्धा घनमीटर मावतं. म्हणजे नऊ खेपा! कुंपण उरकतं, रविवार कचऱ्यात जातो. त्यामुळे दर सांगण्याआधी विचारा: बागेत खतासाठी जागा आहे का? नसेल तर मालवाहू गाडीचं भाडं दरात धरा. आणि ताडपत्री कापायच्या आधी अंथरा. गवतात पडलेली पानं वेचताना वेळ दुप्पट जातो.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर दोन दिवस, रोज सहा तास, म्हणजे १२. पाऊस आणि उशीर यांचा पाव हिस्सा वजा केला की ९. प्रवासासकट एक काम तीन तासांचं धरलं तर आठवड्याला तीन, चार आठवड्यांत बारा. पण बारा गिऱ्हाइकं घेऊ नका, आठ घ्या. पावसाळ्यात ड्युरांटा, मेंदी सगळीकडे एकदमच वाढते आणि सगळ्यांचे फोन एकाच आठवड्यात येतात. तुमचं ८८ चौरस मीटरचं काम मात्र तीन तासांत बसणार नाही, त्याला अख्खा दिवस राखून ठेवा.

सुटीतला_माळी

नऊ खेपांचा हिशेब डोक्यातच नव्हता, गाडीचं भाडं दरात धरतो. आणखी एक विचारणा आहे: मोरपंखीचं जुनं कुंपण, २.४ मीटर उंच, ते १.५ मीटरवर आणून बाजूनेही ४० सेंमी आत घ्यायचं आहे. घ्यावं का?

धारदार_पातं

बाजूचं काम नाही म्हणा, निदान तेवढं खोल. पानांत हात घालून फांद्या बाजूला करा आणि हिरवा थर किती खोल आहे ते मोजा. हिरवं २० सेंमीवर संपत असेल तर ४० सेंमी कापल्यावर नुसता तपकिरी सांगाडा उरेल. ड्युरांटा, मेंदी, कामिनी जुन्या लाकडातून फुटतात. मोरपंखी तपकिरी लाकडातून सहसा फुटत नाही. ती भगदाडं कायमची राहतात आणि नाव तुमचं जातं.

उंची कमी करता येईल. पण वरून बघितलं तर माथा बोडका दिसेल, कडेच्या हिरव्या फांद्या हळूहळू थोडं झाकतील एवढंच. गिऱ्हाइकाला हे आधीच दाखवा आणि लेखी होकार घ्या. खाली उभं राहून हात पोचत नसेल तर तीन पायांची शिडी वापरा. चालू मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही.

कुंपणाकाठी

वरच्या दोघांनी मुद्द्याचं सांगितलंय, राहिलेलं जोडतो.

नेमणूकपत्रात बाहेरचं काम करण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. काही ठिकाणी लेखी परवानगी लागते. दुसऱ्याच्या काचा, गाडी, वायर यांच्या नुकसानीचा विमा काढा. स्वतःची गाडी धंद्यासाठी वापरलीत तर गाडीच्या खासगी वापराच्या विम्यात दावा नाकारला जाऊ शकतो, तेही विचारून घ्या. तणनाशक फवारून मागितलं तर परवान्याची चौकशी केल्याशिवाय हो म्हणू नका.

मशीन सुरू करण्याआधी काठी घेऊन पूर्ण कुंपण चाचपा. आत जुनी काटेरी तार, ठिबकची नळी, दिव्याची केबल, पक्ष्याचं घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं असतं. तार लागली की दात तुटतो. अंडी-पिल्लं असलेलं घरटं दिसलं तर तेवढा भाग सोडा, काम पुढे ढकला.

कण्हेर आणि शेर या विषारी झाडांपासून जपून. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. चष्मा बाजूंनी बंद असलेला हवा, हातमोजे लांब हवेत, चीक उडाला तर भरपूर पाण्याने धुवून थेट डॉक्टरकडे. कण्हेरीच्या फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो, आणि जनावरं फिरतात तिथे ढीग टाकू नका.

सामाईक कुंपण असेल तर पलीकडच्या बाजूचा होकार पलीकडच्या माणसाकडूनच घ्या. गिऱ्हाईक "त्यांचं काही म्हणणं नसतं" म्हणालं तरी.